जंगलाच्या पडद्याची दोन छायाचित्रे

गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यातल्या जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावजत्रा, भरू लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो; दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि रात्री उजाडेपर्यंत नाटक, असा बेत गावोगावी ठरलेला असतो. २०२३ साली नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीचे नाव राज्यभर झाले. नटांची आणि लेखकांची दखल अशी उशिरा का होईना घेतली गेली. नटांच्या मागे टांगलेला पडदा ज्याने रंगवला, त्या पेंटरपर्यंत मात्र ती फारशी पोहोचली नाही. प्रस्तुत प्रकरण अशाच एका पडद्याचे आणि त्याच्या दोन छायाचित्रांचे आहे. गाव, मंडळ आणि संबंधित व्यक्ती यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

पडदा

वडशाच्या परिसरातील एका गावच्या नाट्यमंडळाकडे रंगवलेले पाच पडदे होते: रस्ता, महाल, झोपडी, देऊळ आणि जंगल. ते १९८०च्या दशकात जवळच्याच गावातील एका पेंटरने रंगवले होते. मजुरी काही रोख आणि काही धानाच्या रूपाने दिली गेली. लेखी करार झाला नव्हता, तसा तो कुठेच होत नसे. मांजरपाटाचे पट्टे शिवून कापड तयार करायचे, त्यावर खडू आणि सरस यांचे अस्तर द्यायचे, ते वाळले की सरसात कालवलेल्या भुकटीच्या रंगांनी चित्र काढायचे आणि खाली आडवा बांबू बांधायचा, ही पद्धत. असा पडदा प्रत्येक प्रयोगानंतर बांबूवर गुंडाळला जातो, आणि गुंडाळण्यामुळेच रंगाला आडव्या भेगा पडतात. जंगलाच्या पडद्यावर अशा भेगा पुष्कळ होत्या. काही ठिकाणी तो फाटला होता आणि तिथे बारदान्याची व जुन्या लुगड्याची ठिगळे मागून शिवली होती.

पुढे छापील फ्लेक्स आले, कंपन्या आपली सीनसिनरी स्वतःच आणू लागल्या आणि मंडळाचे पडदे समाजमंदिराच्या माळ्यावर गेले. ते टाकून देण्यापूर्वी त्यांचे नीट फोटो तरी काढून ठेवावेत, असे मंडळाच्या बैठकीत ठरले. हा निर्णय शहाणपणाचा होता आणि त्याचे श्रेय मंडळाला दिले पाहिजे. पुढे जे काही वाचले ते त्या एका ठरावामुळे वाचले.

दोन छायाचित्रे

काम तालुक्याच्या ठिकाणी स्टुडिओ चालवणाऱ्या छायाचित्रकाराला दिले गेले. लग्न, जावळ, शाळेचे गट आणि पासपोर्ट फोटो हा त्याचा रोजचा व्यवसाय. चित्रांचे छायाचित्रण त्याने पूर्वी केले नव्हते. तरीही त्याने ते ज्या काळजीने केले ती तपशिलाने सांगण्याजोगी आहे, कारण पुढचा सगळा वाद या तपशिलावर उभा आहे.

पडदा त्याने समाजमंदिराच्या सभागृहात तुळईला टांगला आणि खिडक्या झाकून घेतल्या. दोन्ही बाजूंना सारख्या ताकदीचे दोन दिवे साधारण पंचेचाळीस अंशांच्या कोनात लावले, म्हणजे पृष्ठभागावर चमक येत नाही आणि एक बाजू उजळ, दुसरी काळवंडलेली असे होत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर, भिंग पडद्याला काटकोनात आणि मध्याच्या उंचीवर ठेवले, कारण कॅमेरा थोडा जरी कलला तरी आयताचा समलंब चौकोन होतो. पडदा रुंद असल्यामुळे त्याने तीन भाग एकमेकांवर थोडे चढतील अशा बेताने टिपले आणि नंतर जोडले. पहिल्या चौकटीत पडद्याच्या कडेला मोजपट्टी आणि रंगांच्या चौकोनांचे संदर्भपत्र ठेवले, जेणेकरून आकार आणि रंग पुढे कधीही ताडून पाहता येतील. ही सगळी शिस्त एकाच हेतूची आहे: छायाचित्रकाराने स्वतःला बाजूला करायचे, आणि पाहणाऱ्याला पडदा दिसला पाहिजे. या छायाचित्राला पुढे ‘पहिले’ म्हटले आहे.

काम संपल्यावर, मंडळाने न सांगता, त्याने समोरचे दोन्ही दिवे बंद केले आणि एक हॅलोजन पडद्याच्या मागे ठेवला. जिथे रंग झिजला होता तिथून उजेड गाळून पुढे आला. झाडांचे बुंधे, ज्यांवर रंगाचे थर जाड होते, ते काळे उभे राहिले. ठिगळांचे चौकोन आणि त्यांचे टाके स्पष्ट झाले. भेगा उजळ रेघांसारख्या उमटल्या. तीस-पस्तीस हंगाम वापरलेल्या कापडाचे सगळे आयुष्य एका चौकटीत दिसू लागले. पेंटरने हे चित्र काढले नव्हते आणि प्रेक्षकांनीही ते कधी पाहिले नव्हते. हे ‘दुसरे’ छायाचित्र.

तक्रार

काही महिन्यांनी छायाचित्रकाराने दोन्ही छायाचित्रे एका जिल्हास्तरीय छायाचित्र प्रदर्शनाला पाठवली. पाठवण्यापूर्वी पहिल्यात त्याने बरेच बदल केले: मोजपट्टी, संदर्भपत्र आणि बांबू असलेल्या कडा कापल्या, आडव्या भेगा संगणकावर पुसल्या आणि रंग भडक केले. दोन्हींखाली एकेक काव्यात्म शीर्षक आणि त्याचे स्वतःचे नाव होते. पेंटरचे किंवा मंडळाचे नाव कुठेही नव्हते. परीक्षकांनी पहिल्या छायाचित्राला उल्लेखनीय ठरवले. दुसऱ्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

पेंटर हयात नव्हते. त्यांचा मुलगा, जो आज दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो, त्याने ते छायाचित्र कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिले. मंडळाच्या बैठकीत त्याने जे म्हटले ते इतकेच होते: “फोटो चांगला हाये, त्याच्यात वाद नाही. पन जंगल तं माह्या बाबानं काढलं नं? मंग बाबाचं नाव कुठं हाये?”

छायाचित्रकाराचे उत्तरही विचार करण्याजोगे होते. त्याचे म्हणणे असे की गावातल्या अनेकांनी याच पडद्याचे मोबाइलवर फोटो काढले होते. ते वाकडे, चमक आलेले, अर्धे अंधारात आहेत. त्याच्या छायाचित्रातच पडदा नीट दिसतो, तो त्याच्या कौशल्याने दिसतो, तेव्हा ते त्याची कलाकृती आहे. मंडळाच्या काही सदस्यांचा सूर वेगळा होता: आपण पेंटरलाही पैसे दिले आणि फोटोवाल्यालाही दिले, तेव्हा दोन्ही वस्तू आपल्या आहेत आणि बाकी कुणाचा काही संबंध नाही.

दरम्यान एका पावसाळ्यात माळ्याचे छप्पर गळले. जंगलाचा पडदा सर्वांत खाली होता. तो भिजला, त्याला उधई लागली आणि वाद मंडळापुढे आला तोवर त्याचे तुकडेच उरले होते, जे कुणीतरी झाडलोट करताना जाळून टाकले. बाकीचे चार पडदे बचावले.

नोंद कशाला म्हणायचे

या प्रकरणात सर्वांनी, परीक्षकांसह, एकच प्रश्न मनात धरला होता: छायाचित्र सुंदर आहे की नाही? माझ्या मते हा प्रश्न चुकीचा आहे. सुंदर चित्राचे काटेकोर छायाचित्र सुंदरच दिसणार. ते सौंदर्य बव्हंशी मूळ चित्राचे असते. पहिल्या छायाचित्रात डोळा ज्याकडे ओढला जातो, ती डावीकडून वळत आत जाणारी पायवाट, दूर जाताना फिकट होत जाणारी झाडे, उजव्या कोपऱ्यातले तळे, ही सारी रचना पेंटरची आहे. परीक्षकांनी नकळत एका दिवंगत पेंटरच्या रचनेला दाद दिली आणि प्रशस्तिपत्र दुसऱ्याच्या हाती गेले.

त्याऐवजी विचारायला हवे ते असे: या छायाचित्राला चुकीचे ठरवायचे झाले तर कशाच्या आधारावर ठरवता येईल? पहिल्या छायाचित्रात हिरवा रंग बदलला, कडा वाकडी आली, एक झाड पुसट झाले, तर मूळ पडद्याशेजारी उभे राहून ‘हे चुकले’ असे म्हणता येते. ते मूळ वस्तूला उत्तरदायी आहे. दुसऱ्या छायाचित्राबाबत ‘पडदा असा दिसत नाही’ हा आक्षेप लागूच होत नाही. पडदा एरवी असा दिसत नाही म्हणूनच ते काढले गेले. तिथे दिवा कुठे ठेवला, किती उंचीवर ठेवला, कोणत्या क्षणी थांबला, हे निर्णय छायाचित्रकाराचे आहेत आणि त्यांचे यशापयशही त्याचेच आहे. म्हणून दुसरे छायाचित्र ही त्याची कलाकृती आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन, आणि परीक्षकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केले याचे मला खरेच वाईट वाटते.

पहिले छायाचित्र नोंद आहे असे म्हणताना त्याला कमी लेखण्याचा हेतू नाही. पंचेचाळीस अंशांचे दिवे आणि काटकोनातला कॅमेरा यांना कसब लागते, पण कसब असणे आणि निर्मिती असणे यांत अंतर आहे. चांगला मोजणीदार शेताचा नकाशा अचूक काढतो म्हणून शेत त्याचे होत नाही; त्याच्या अचूकतेची किंमत मात्र शेतमालकाला ठाऊक असते.

ही सीमारेषा नेहमीच इतकी स्पष्ट नसते, हेही मान्य केले पाहिजे. सपाट चित्राबाबत ती बरीच स्पष्ट असते, पण शिल्पाबाबत ती धूसर होते, कारण शिल्पाचे छायाचित्र घेताना कोणती बाजू, कोणता उजेड, मागे काय, हे ठरवल्यावाचून कॅमेऱ्याची कळ दाबताच येत नाही. १९०८ साली छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन यांनी शिल्पकार रोदँ यांनी घडवलेल्या, कादंबरीकार बाल्झाकच्या पुतळ्याची छायाचित्रे चांदण्यात घेतली. ती त्या पुतळ्याची माहिती देतात आणि तरीही ती स्टायकेन यांचीच म्हणून ओळखली जातात. १९१७ साली कलावंत मार्सेल द्युशाँ यांनी ‘फाउंटन’ या नावाने कलाकृती म्हणून प्रदर्शनाला पाठवलेले मूत्रपात्र हरवले. ते कसे होते हे आपल्याला कळते ते मुख्यतः छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिगलिट्झ यांच्या छायाचित्रामुळे, आणि त्या छायाचित्रात मागे चित्रकार मार्सडेन हार्टली यांचे एक चित्र विचारपूर्वक ठेवलेले आहे. म्हणजे जो मुख्य पुरावा उरला, तोही रचलेला आहे.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे आहे. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्यानंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रती केल्या, आणि त्यांतल्याही अनेक १८८५च्या लंडनमधील आगीत गेल्या. गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळले. आपल्या वऱ्हाडातील लोणारच्या दैत्यसूदन मंदिराची त्यांनी १८६०च्या दशकात घेतलेली छायाचित्रे आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. मूळ वस्तू झिजते, प्रत जळते, आणि जी प्रत उरते तिच्यावर प्रत्येक वेळी पूर्वीपेक्षा अधिक भार येतो. जंगलाच्या पडद्याचे नेमके हेच झाले.

कायदा काय विचारतो

मंडळाला कायदेशीर बाजू समजून घ्यायची होती. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या व्याख्येत छायाचित्र ही ‘कलाकृती’च आहे, मग तिच्यात कलागुण असोत वा नसोत. म्हणजे कायदा सौंदर्याचा प्रश्न विचारतच नाही. तो मौलिकतेचा प्रश्न विचारतो, आणि डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ श्रम पुरेसे नाहीत, कौशल्य व विवेक यांबरोबर काही किमान सर्जनशीलता हवी. तो खटला न्यायनिर्णयांच्या संपादनाचा होता, छायाचित्रांचा नव्हे. पण त्याचा निकष पहिल्या छायाचित्राला लावला तर त्याचा दावा दुबळा पडतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ साली ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात थेट याच विषयावर निर्णय दिला: हक्कांची मुदत संपून मुक्त झालेल्या सपाट चित्राच्या हुबेहूब छायाचित्राला स्वतंत्र हक्क नाही. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उलट दिशेचा निकाल दिला होता, आणि पुढच्याच वर्षी युरोपीय संघाच्या निर्देशाने तो प्रश्न ब्रिजमन खटल्यातील निर्णयाच्याच दिशेने मिटवला.

परंतु या गावापुढचा पेच त्याहून वेगळा होता, कारण पडद्याचे हक्क अजून मुक्त झालेले नव्हते. आपल्या कायद्यात ते चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात. चौकातल्या पुतळ्याचे छायाचित्र काढायला कलम ५२ मोकळीक देते. सार्वजनिक जागी कायम असलेली शिल्पे आणि कारागिरीच्या वस्तू त्यात येतात, चित्र मात्र त्यात येत नाही. मग पडद्याचा हक्क कुणाचा? कलम १७ प्रमाणे कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा, तसाच छायाचित्राचाही, पहिला हक्कधारक, उलट करार नसेल तर, ते काम सांगणारा असतो. धान हाही मोबदलाच. म्हणजे मंडळातील त्या सदस्यांचे म्हणणे अर्धे बरोबर निघाले: पडद्याचा आणि, तो असलाच तर, पहिल्या छायाचित्राचाही आर्थिक हक्क मंडळाकडे जातो. दुसरे छायाचित्र कुणी सांगितले नव्हते, त्यामुळे ते छायाचित्रकाराचे. मात्र त्यात पडदा दिसत असल्यामुळे ते प्रसिद्ध करायला मंडळाची संमती हवी.

त्या सदस्यांचे अर्धे म्हणणे चुकले ते ‘बाकी कुणाचा काही संबंध नाही’ या वाक्यात. कलम ५७ निर्मात्याला, हक्क दुसऱ्याकडे गेल्यावरही, आपले कर्तृत्व, म्हणजे ही कृती आपली आहे हे, सांगण्याचा आणि कृतीची विटंबना रोखण्याचा विशेष अधिकार देते. २०१२च्या दुरुस्तीनंतर कर्तृत्व सांगण्याचा अधिकार वारसांनाही बजावता येतो. अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनातील आपल्या भित्तिशिल्पासाठी दिल्ली उच्च न्यायालयात २००५ साली जो न्याय मिळवला, तो याच कलमाच्या बळावर. तेव्हा पेंटरच्या मुलाने जे मागितले होते, केवळ नाव, नेमके तेच कायद्याने त्याला दिलेले होते. त्याने कलम वाचले नव्हते.

हिरव्या रंगाचा प्रश्न

कायद्याने नावाचा प्रश्न सुटला, पण मला या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट वेगळी वाटते. प्रदर्शनासाठी बदललेले पहिले छायाचित्र मोबाइलवरून गावभर पसरले. पडदा नष्ट झाल्यावर तेच लोकांच्या आठवणीतला पडदा बनू लागले. त्यात जंगल पोपटी हिरवे आहे. पेंटरच्या मुलाने ते पाहताच सांगितले की बाबांचा हिरवा असा नव्हता. ते पिवडीत नीळ मिसळून हिरवा करत आणि तो मातकट येत असे, कारण गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडात तोच खरा वाटे. पुढे हॅलोजन आले तरी त्यांनी तो बदलला नाही.

इथे छायाचित्रकाराची खरी चूक दिसते. रंग भडक करणे, भेगा पुसणे हे दुसऱ्या छायाचित्रात केले असते तर तो त्याचा अधिकार होता. पहिले छायाचित्र मूळ वस्तूला उत्तरदायी होते, आणि मूळ वस्तू नष्ट झाल्यावर ते उत्तरदायित्व संपत नाही, उलट ते पूर्णपणे त्या एका फाइलवर येऊन पडते, कारण आता ताडून पाहायला दुसरे काही नाही. नोंद आणि कला यांपैकी काहीही निवडण्याचे स्वातंत्र्य छायाचित्रकाराला कळ दाबण्यापूर्वी असते. ‘नोंद’ म्हणून काढलेले छायाचित्र नंतर ‘कला’ म्हणून सजवायचे असेल, तर मूळ नोंद अबाधित ठेवून आणि बदल उघड सांगूनच ते करता येते.

सुदैवाने त्याने मूळ फाइली जपून ठेवल्या होत्या. मोजपट्टी आणि संदर्भपत्र असलेली पहिली चौकट त्याने बैठकीत लॅपटॉपवर उघडली. संदर्भपत्राच्या आधारे रंग जुळवले तेव्हा मातकट हिरवा परत आला, भेगाही परत आल्या. त्या क्षणापासून वादाचा सूर बदलला. छायाचित्रकाराने आपण होऊन सांगितले की प्रदर्शनाच्या आयोजकांना तो पत्र लिहील.

मंडळाचा ठराव

मंडळाने जो ठराव केला तो थोडक्यात असा. पहिले छायाचित्र यापुढे कुठेही लावले किंवा छापले गेले तर त्याखाली आधी पेंटरचे नाव, मग मंडळाचे, आणि शेवटी ‘छायाचित्रण’ म्हणून छायाचित्रकाराचे नाव असेल. रंग बदललेली प्रत मंडळ वापरणार नाही. दुसरे छायाचित्र छायाचित्रकाराच्या नावानेच राहील, मात्र खालच्या ओळीत पडदा कुणी रंगवला हे लिहिले जाईल; ते विकले गेल्यास मंडळ पैसे मागणार नाही. मूळ फाइलींची एक प्रत मंडळाकडे, एक पेंटरच्या कुटुंबाकडे राहील.

मला या ठरावात एक उणीव दिसते आणि ती मी मंडळाला कळवली आहे: कुटुंबाला दिलेल्या प्रतीतून काय करता येईल हे त्यात लिहिलेले नाही. पेंटरच्या मुलाला त्या फाइलीवरून जंगलाचा पडदा पुन्हा रंगवायचा आहे, त्याच मापाचा आणि त्याच रंगांत. कलम १७ चा कोरडा अर्थ घेतला तर त्यालाच वडिलांच्या चित्राची प्रत करण्यासाठी मंडळाची परवानगी लागेल. ती तोंडी देऊन चालणार नाही, कारण तोंडी व्यवहारानेच हे प्रकरण इथवर आणले. पुढच्या बैठकीत ती लेखी स्वरूपात देण्याचे मंडळाने मान्य केले आहे. उरलेल्या चार पडद्यांचे छायाचित्रण आधीच झालेले असले तरी त्यांच्या भेगांचे आणि ठिगळांचे जवळून, तिरप्या उजेडात नव्याने छायाचित्रण व्हावे, असे छायाचित्रकाराने सुचवले. ते काम धान कापणीच्या आधी होणार असून या वेळी मजुरी, मालकी आणि नावे एका कागदावर लिहून तिघांच्या सह्या घेतल्या आहेत.